टेबलावरची फुलं

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत. वेळेअभावी बोलताना राहिलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना भरून काढल्या आहेत.)



संयोजकांनी पहिल्यांदा फोन केला तेव्हा मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी हात जोडले. म्हटलं, वर्षभर ऑफिसात तेच असतं, निदान शाळेत आल्यावर तरी त्यातून सुटका करा. तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "मग असं कर, त्या जहाजातल्या फुलांवर बोल. त्या फोटोवर लोक अजून विचारतात."

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो फोटो आठवत असेल. २०२४ च्या मार्चमध्ये मी आपल्या ग्रुपवर टाकला होता. जहाजातली छोटीशी केबिन, टेबलावर काचेचा जग, त्यात पाखरांच्या चोचींसारखी केशरी-निळी फुलं आणि शेजारी खुर्चीवर बसलेली माझी आई. त्यावर तासाभरात प्रश्नांचा पाऊस पडला. खरी आहेत की प्लास्टिकची? भर समुद्रात फुलं कोण विकतं? जहाजवाल्यांनी किती उकळले? तेव्हा मी अंगठा दाखवून गप्प बसले. आज सविस्तर उत्तर देते.

मी चौदा वर्षं इंग्लंडमध्ये राहते. वडील २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये गेले. तेव्हापासून आई जयसिंगपूरला एकटी असते. त्या वर्षी मी तिला थंडीत तीन महिने माझ्याकडे आणलं, आणि तो माझा पहिला मूर्खपणा. दुपारी चारला अंधार. खिडकीबाहेर ओली पानं आणि कचऱ्याचे डबे. मी दिवसभर मीटिंगमध्ये. आई दर अर्ध्या तासाने घड्याळ बघायची आणि म्हणायची, "आता तिकडं किती वाजले असतील गं?"

मग मी ठरवलं, हिला ऊन दाखवायचं. विमानात तिचे गुडघे आखडतात, म्हणून जहाज निवडलं. साउदॅम्प्टनहून निघायचं, मदैरा बेट आणि कॅनरी बेटं बघून परत साउदॅम्प्टनलाच यायचं. बारा रात्री. व्हिसाची सगळी कागदपत्रं ती भारतातून निघण्याआधीच करून ठेवली होती. मी इंजिनिअर असल्यामुळे एक्सेलमध्ये तक्ता केला. कुठल्या बंदरात किती तास, गोळ्या कधी, शाकाहारी जेवण कुठल्या मजल्यावर. सगळं होतं त्यात. फक्त एका रकान्याकडे मी नीट बघितलं नव्हतं. पैसे वाचवायला मी आतल्या बाजूची केबिन घेतली होती. तिला खिडकी नसते.

खिडकी नसलेल्या खोलीत दिवा बंद केला की रात्र आणि लावला की दिवस. आई पहाटे तीनला उठून आंघोळ करून बसायची, सकाळ झाली समजून. तिने घरून अन्नपूर्णेची छोटी मूर्ती आणली होती. जहाजावर आगीच्या भीतीने निरांजन काय, उदबत्तीसुद्धा लावू देत नाहीत. हे मला माहीत होतं, तिला मी सांगितलं नव्हतं. "दिवा नाही, फूल नाही, उजाडलं का मावळलं ते कळत नाही. देव तरी कशाला थांबेल हितं?" एवढं म्हणून तिने मूर्ती रुमालात गुंडाळून ठेवली.

बिस्केच्या उपसागरात जहाज हलत होतं. तीन दिवस नुसतं पाणी. आई जेवायला वर येईना. आमची केबिन सांभाळणारा मुलगा मडगावकडचा गोव्याचा होता. रोज दारातून "कितें जालें आंटी?" असं विचारायचा आणि सफरचंदं, केळी ठेवून जायचा. तिसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आईचा आवाज आला, "मला घरी सोड." तिचं घर तिथून आठ हजार किलोमीटर होतं, आणि माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

चौथ्या रात्रीनंतर सकाळी जहाज फुंशालला लागलं. फुंशाल ही मदैराची राजधानी. अटलांटिक समुद्रातलं हे पोर्तुगालचं बेट. आईला बाहेर काढायला मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, पोर्तुगीजांना इथे बडीशेप उगवलेली दिसली म्हणून गावाचं नाव फुंशाल पडलं. आणि दुसरी, इथला बाजार बघण्यासारखा आहे. बडीशेपेचं नाव ऐकून ती उठली.

त्या बाजाराचं नाव 'मेर्कादू दुश लाव्रादोरेश'. म्हणजे शेतकऱ्यांचा बाजार. १९४० साली उघडलेली ही इमारत दारापासूनच रंगीत चिनीमातीच्या फरशांच्या चित्रांनी मढवलेली आहे. मागच्या बाजूला मासळी, वरच्या मजल्यावर फळं-भाज्या, आणि दाराशीच फुलवाल्या. रविवारी बंद असतो, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

बाजारात पाऊल टाकलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा आईची मान वर झाली. ती बाजारातली बाई आहे. माझे आजोबा भाजी घेऊन आठवडी बाजाराला बसायचे, आई शेजारी पोत्यावर. वरच्या मजल्यावर ती एका ढिगापाशी थांबली. विकणारा ओरडत होता, "अनानाश!" आई म्हणाली, "अगं, हा अननस म्हणतोय." मग कोबीला 'कोव', चावीला 'शाव' हे मी फोनवर शोधून तिला दाखवत गेले. आपण रोज वापरतो ते शब्द चारशे-पाचशे वर्षांपूर्वी याच लोकांनी आपल्या किनाऱ्यावर उतरवले. गंमत म्हणजे मदैरात 'बटाटा' मागितला की रताळं देतात, बटाट्याला ते 'सेमिल्या' म्हणतात. आई हसली. "म्हणजे ह्यांनी आम्हाला नाव रताळ्याचं दिलं आणि गळ्यात बटाटा बांधला!" चार दिवसांनी ऐकलेलं ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

खाली येताना फुलवालीपाशी थांबलो. लाल लोकरीचा घागरा, त्यावर उभे रंगीत पट्टे, पांढरं पोलकं. पर्यटकांसाठी तिथल्या फुलवाल्या हा जुना पोशाख करतात. वयाने आईएवढीच असेल. तिच्यासमोर बादल्यांत फुलं उभी होती. लालबुंद अँथुरियम, ज्याचं पान मेण लावल्यासारखं चमकतं. मुठीएवढ्या कळ्यांची प्रोटिया. ऑर्किडच्या लांब काड्या. आणि ती पाखरासारखी फुलं, स्ट्रेलित्झिया. मूळची दक्षिण आफ्रिकेतली, पण मदैरात इतकी रुजली की बेटाची ओळख होऊन बसली आहेत. त्या डोंगरउतारावर पाणी खेळवायला त्यांनी जुन्या काळापासून दगडी पाट बांधले आहेत. आईला येताना ते दिसले होते. "पाटाचं पाणी आहे, म्हणजे फुलं होणारच," असं म्हणून तिने विषय संपवला.

मी पाच स्ट्रेलित्झिया आणि तीन अँथुरियम घेतली. बारा युरो. आईने लगेच हिशोब केला, "हजार रुपयांची फुलं? आणि चार दिवसांच्या खोलीत?"

आता जे सांगणार आहे, ते त्या फोटोत दिसत नाही.

फुलवालीने पैसे घेतले आणि गळून पडलेलं एक लहानसं ऑर्किडचं फूल उचलून प्रेमाने आईच्या कानामागे खोवलं. आईचा हात इतक्या झटकन वर गेला की पिशवी खाली पडली. "नको, नको. मला चालत नाही." फुलवालीला वाटलं, पैसे पडतील म्हणून नको म्हणतेय. ती हाताने सांगत राहिली की हे फुकट आहे. आई माझ्याकडे वळली. "सांग की तिला."

मी फोन काढला. भाषांतराच्या ॲपमध्ये लिहिलं, "माझ्या आईचे पती वारले आहेत, म्हणून ती केसांत फूल घालत नाही." आणि तो मजकूर फुलवालीपुढे धरला.

तुम्हाला सांगते, वीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते भाषांतर व्याकरणाने बरोबर असणार. पण फुलवालीने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत वाचलं. तिला वाक्याच्या पहिल्या भागाचा दुसऱ्याशी संबंध लागत नव्हता. 'म्हणून' हा शब्द पोहोचला होता, पण का ते पोहोचत नव्हतं. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता तो मलाही सांगता येईना. मग तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, बोटातली अंगठी दाखवली आणि वर आभाळाकडे बोट केलं. तिचाही नवरा गेलेला होता. एवढं झाल्यावर तिने ते फूल आईच्या तळहातावर ठेवून आईची मूठ मिटली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

परतीच्या वाटेवर आई काही बोलली नाही. मूठ मात्र तिने जहाजापर्यंत उघडली नाही.

वडिलांच्या दहाव्याला मी तिथेच होते. घरातल्या मोठ्या बायका आईला आत घेऊन गेल्या. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, जोडवी काढली. मी दारात उभी होते. वय चाळीस, इंजिनिअरिंगची पदवी, हातात फोन, आणि ऑफिसच्या मेसेजला उत्तर देत होते. खरं तर उत्तर द्यायची घाई नव्हती. मला बघायचं नव्हतं, आणि बोलायचंही नव्हतं. आई रोज संध्याकाळी अबोलीचा नाहीतर मोगऱ्याचा गजरा माळायची. त्या दिवसापासून तो बंद झाला, आणि मी एका शब्दाने विचारलं नाही.

पुढे २०२२ च्या मे महिन्यात आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने या सगळ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ती बातमी आपल्या ग्रुपवर कुणी टाकली आठवतंय? मीच. खाली लिहिलं होतं, 'अभिमान वाटतो'. त्याच दिवशी आईशी अर्धा तास फोनवर बोलले, तेव्हा या विषयावर चकार शब्द काढला नाही. गावाने ठराव केला, मुलीने बातमी पुढे पाठवली, आणि आई होती तिथेच राहिली.

असो. केबिनमध्ये आलो. फुलदाणी कुठे होती? गोव्याच्या त्या मुलाला विचारलं, तर तो बारमधून जाड बुडाचा काचेचा जग घेऊन आला. त्याने आम्हाला पहिली युक्ती शिकवली. समुद्र खवळणार असेल तर रात्री जग बाथरूमच्या बेसिनमध्ये ठेवायचा, म्हणजे कलंडला तरी गादी भिजत नाही. फुलं बघून तो म्हणाला की त्याच्या आजीच्या दारात अबोलीची झाडं आहेत आणि घरी जायला अजून पाच महिने आहेत.

आईने मूर्ती रुमालातून बाहेर काढली. मुठीतलं ऑर्किड तिच्यापुढे ठेवलं. बाकीची फुलं जगात लावली. त्या पत्र्याच्या पांढऱ्या खोलीत केशरी आणि लाल रंग आल्याबरोबर खोलीला जणू एक बाजू मिळाली, तोंड कुठे आणि पाठ कुठे ते कळायला लागलं. मी धीर करून म्हटलं, "आई, एक छोटं फूल केसांत घाल ना. इथे कोण बघतंय?" ती म्हणाली, "डोक्यात नको. टेबलावर राहू दे. टेबलाला कुठं सोयरसुतक असतंय?"

त्या वाक्याला मी हसले, आणि पुढच्याच क्षणी मला आपला दहावीचा वर्ग दिसला.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. काल संध्याकाळी घरी येऊन तुमची परवानगी घेतली, म्हणून हे बोलतेय. मित्रांनो, आपल्या वर्गात बाईंच्या टेबलावर हॉर्लिक्सची रिकामी बाटली असायची, आठवते? हजेरीच्या क्रमांकाने रोज एकाने फूल आणायचं. जास्वंद, तगर, कण्हेर, जे मिळेल ते. कुणाकुणाच्या कंपाउंडवरून उड्या मारल्या, ते इथे सांगत नाही, काही मालक आज पालक म्हणून हजर आहेत. फूल नसेल तर बाई तास सुरू करायच्या नाहीत. आपल्याला वाटायचं, बाईंना फुलांची केवढी हौस! पण बाईंच्या केसांत आपण कधीच फूल बघितलं नाही. शिक्षकदिनाला आम्ही मुलींनी वर्गणी काढून मोगऱ्याचा गजरा आणला होता. बाईंनी तो हातात घेतला, वास घेतला, आणि त्या बाटलीच्या गळ्याभोवती गुंडाळून ठेवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पंधरा वर्षांच्या पोरींना काय कळणार? मलाही ते पुढे एकोणतीस वर्षांनी, अटलांटिक समुद्रात कळलं.

काल मी बाईंना विचारलं, "बाई, तुम्हाला आमचा राग नाही आला?" त्या म्हणाल्या, "राग कसला? घरी फूल आणायची सोय नव्हती. लोक विचारायचे, कुणासाठी. शाळेत कुणी विचारत नव्हतं."

हे ऐकून काल रात्री मला झोप लागली नाही.

आता फुलांचं पुढे काय झालं ते सांगते, कारण खरी मजा तिथे आहे. फुलवालीने स्ट्रेलित्झियाची एक खुबी दाखवली होती. त्या फुलाची ती जी हिरवी चोच असते ना, तिच्यात एकच फूल नसतं. एकामागे एक अशी काही फुलं दडलेली असतात. पहिलं कोमेजलं की अंगठा आत घालून पुढचं हळूच वर उचलून द्यायचं. आईला हे काम मिळालं. रोज उठून दिवा लावायचा, पाणी बदलायचं, देठाचं टोक तिरकं कापायचं आणि एक नवीन पाखरू बाहेर काढायचं. खिडकी नसलेल्या खोलीत तिची सकाळ परत आली. ती फुलांवर दिवस मोजायला लागली. तिसऱ्या पाखराच्या दिवशी तर ती माझ्याआधी तयार होऊन नाश्त्याला निघाली.

मदैराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सांता क्रूझ दे तेनेरिफेला होतो. तिथेही मोठा बाजार आहे आणि दाराशी फुलांची दुकानं आहेत. आई म्हणाली, "तू हितं थांब." दहा युरोची नोट घेऊन एकटी गेली, बोटांनी घासाघीस केली आणि कार्नेशनची जुडी घेऊन आली. भाषा कुठली, तर मराठी. सुटे पैसे मोजून माझ्या हातात ठेवताना तिचा चेहरा आजोबांसारखा दिसत होता.

ती कार्नेशन मात्र दुसऱ्याच दिवशी डोळे मिटल्यासारखी आत वळली. आईला वाटलं, आपल्याला फसवलं. मी शोधलं तेव्हा चूक आमचीच निघाली. गोव्याच्या मुलाने दिलेली केळी आईने नैवेद्य म्हणून फुलांना खेटून ठेवली होती. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो. फळ त्याने पिकतं आणि फूल त्याने म्हातारं होतं. बंद खोलीत तर जास्तच, आणि कार्नेशनला तो फार लवकर बाधतो. आई म्हणाली, "म्हणजे देवीपुढं केळं आणि फूल एकत्र ठेवायचं नाही? मग इतकी वर्षं काय केलं आम्ही?" मी म्हटलं, आपल्याकडे फूल एका दिवसाचंच असतं गं, ते म्हातारं व्हायच्या आधीच निर्माल्यात जातं.

ज्यांना खरंच जहाजाने जायचंय, त्यांच्यासाठी थोडक्यात. जहाजावर गुच्छ मागवता येतो, पण तो महाग पडतो. बंदरावरच्या बाजारात सकाळी जा, पूर्ण उमललेली फुलं घेऊ नका, कळ्या घ्या. लिली घेऊ नका, बंद खोलीत तिचा वास डोक्यात जातो आणि परागाचे डाग चादरीवरून निघत नाहीत. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, नाहीतर पाणी सडतं. एसीच्या झोतासमोर जग ठेवू नका. स्ट्रेलित्झिया, अँथुरियम ही उष्ण हवेतली फुलं, ताजी राहावीत म्हणून खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवाल तर काळी पडतील. मी ठेवणार होते, आईने हात धरला. मातीसकट कुंडी घेऊ नका, जहाजात घेत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं, आधी जहाजाचा नियम विचारा, आणि जहाजात आणलेली फुलं पुढच्या बंदरावर घेऊन उतरू नका. फुलासोबत कीड आणि रोग एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातात, म्हणून हे नियम असतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथे तर फार कडक तपासणी असते.

त्यामुळे साउदॅम्प्टनच्या आदल्या रात्री फुलं जहाजातच सोडायची होती. कार्नेशन केव्हाच गेली होती, पण अँथुरियम अजून तशीच चकचकीत होती, आणि दोन चोचींत पाखरं शिल्लक होती. मला वाटलं, आईला वाईट वाटेल. तिने जग उचलला आणि त्या गोव्याच्या मुलाच्या हातात दिला. अंगठ्याने पुढचं फूल कसं काढायचं तेही दाखवलं. "अजून चार दिवस चालतील. पाणी रोज बदल." तो म्हणाला, आमच्या मजल्यावरच्या पँट्रीत ठेवतो, आम्ही सहाजण तिथे चहा पितो.

केबिनबाहेर पडताना आई म्हणाली, "बाराच रात्री राहिलो, पण घर सोडल्यासारखं वाटतंय."

मी विचारात पडले. नोकरीपायी मी चौदा वर्षांत सात भाड्याची घरं बदलली. एकाही घरात मी स्वतःसाठी कधी फूल आणलं नाही. कशाला, सोडूनच जायचंय. भिंतीला खिळा नाही, टेबलावर फूल नाही. आणि आपली शाळा? तिथे तर आपण दरवर्षी वर्ग बदलत होतो. जूनमध्ये यायचं, एप्रिलमध्ये सोडायचं. तरी त्या बाटलीत रोज फूल असायचं. उद्या इथे नसणार म्हणून आज फूल नको, असं बाईंनी आपल्याला शिकवलं नव्हतं. ते मी माझं मीच शिकले होते, आणि चुकीचं शिकले होते.

आई आता जयसिंगपूरला आहे. आठवड्यातून एकदा निशिगंधाच्या काड्या आणते, नाहीतर पॉलीहाऊसवाल्या ओळखीच्या माणसाकडून दोन जरबेरा. देवाची वेगळी, टेबलावरची वेगळी. शेजारणीने विचारलं, कुणासाठी? तिने सांगितलं, "बसायच्या खोलीसाठी." गजरा अजून माळत नाही. मी तिला आग्रह करत नाही, माळला पाहिजे असंही म्हणत नाही. पण दहाव्याच्या दिवशी मी दारात गप्प उभी होते, याबद्दल तिची माफी मात्र मागितली. ती म्हणाली, "तू बोलली असतीस तरी मी ऐकलं नसतं तेव्हा. पण बोलायला पाहिजे होतंस." दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि दोन्ही मला सांभाळून ठेवायची आहेत.

शेवटचं सांगते आणि थांबते.

आज सकाळी गेटवर आपल्या शाळेच्या नववीतल्या मुली गजऱ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. संयोजकांचं मनापासून कौतुक, त्या मुलींनी येणाऱ्या प्रत्येकीला गजरा दिला, कुणाला काही विचारलं नाही, कुणाच्या कपाळाकडे बघितलं नाही. पण मी मागे उभी होते. ताट पुढे आल्यावर आपल्यातल्या दोन-तीन हात मागे गेलेले मला दिसले. "राहू दे बाळ, मला नको." मी नावं घेणार नाही. त्या हातांना मी ओळखते. तसाच एक हात मी फुंशालच्या बाजारात बघितला होता.

त्या मैत्रिणींना मी काही सांगणार नाही. केसांत घाला किंवा घालू नका, तो तुमचा प्रश्न. पण ताटात गजरे उरलेत, मी आत्ताच बघून आले. आपल्या जेवणाच्या टेबलांवर पाण्याचे ग्लास आहेत. तुमचा गजरा त्या ग्लासाभोवती गुंडाळून ठेवा, बाईंनी ठेवला होता तसा. जाताना घरी न्या. कुणी विचारलं, कुणासाठी, तर सांगा, टेबलासाठी.

आणि आपण बाकीच्यांनी, विशेषतः माझ्यासारख्या नुसत्या बातम्या पुढे पाठवणाऱ्यांनी, घरी गेल्यावर आपल्या आईला, सासूला, वहिनीला एकदा तरी विचारावं. मी चार वर्षं विचारलं नाही. शेवटी एका परक्या फुलवालीने न विचारता ते फूल तिच्या हातात दिलं, तेव्हा कुठे मला तोंड उघडता आलं.

बाई, आजच्या व्यासपीठावरच्या टेबलावर मघापासून फूल नव्हतं. माझा हजेरी क्रमांक सतरा. उशीर झाला, पण आणलंय.